नाचणाऱ्यांचा एसी

चिखलीजवळच्या आमच्या नव्या कीर्तनमंडपाच्या नकाशात अनुपमा इंजिनीअर कॉम्प्युटरवर एसी बसवत होती. शेजारी बसलेल्या अर्जुनराव महाराजांना तिनं विचारलं, "महाराज, कीर्तनात लोक काय करतात? बसतात, नाचतात की झोपतात? माणूस जितका हलेल तितकी गरमी वाढते. त्यावरून मशीन केवढी घ्यायची ते ठरतं."

"हे काय इचारनं झालं, पोरी? माह्या कीर्तनात सारेच नाचतात!"

चहा घेऊन आलेल्या महाराजांच्या पत्नी पुष्पाबाई म्हणाल्या, "झोपतात असं लिव्ह वं बाई. तीस वर्षांपासून ह्यायच्या समोर बसून पाहून राह्यली मी."

महाराजांचा चेहरा एवढासा झाला. अनुपमानं दोघांकडे पाहिलं आणि हळूच 'नाचतात' निवडलं.

पहिल्या कीर्तनाला मंडळी नेहमीसारखी भिंतीला टेकून डोळे मिटू लागली. पण अर्ध्या तासात सगळ्यांना हुडहुडी भरली. आधी मागचे उठले, मग पुढचे, आणि विठ्ठलाच्या गजरात अंगात ऊब येईस्तोवर सगळा मंडप नाचला. सर्वांच्या पुढे, पदर खोचून, पुष्पाबाई!