ओवाळणी

विधानसभेच्या निवडणुकीत पहिल्यांदाच उभा राहिलेला दिगंबर घरोघरी हात जोडत फिरत होता. एका दारात औक्षणाचं ताट घेऊन उभी असलेली बाई पाहून तो थबकला. ती मंदा, त्याची सख्खी धाकटी बहीण. तिने जातीबाहेर लग्न केल्यापासून घरात कुणी तिचं नावही काढत नव्हतं.

मंदाने कुंकू लावलं, ओवाळलं. भाऊबीजेच्या जुन्या सवयीने त्याचा हात खिशात गेला.

"साहेब, ताटात पैसे टाकू नका," कार्यकर्ता कुजबुजला. "आचारसंहिता आहे. विरोधकांचा माणूस शूटिंग करतोय."

'ही माझी बहीण आहे' एवढं म्हटलं असतं, तर ती ओवाळणी ठरली असती. पण मागे भावकी उभी होती, आणि भावकीचीच मतं हक्काची होती. मंदा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. दिगंबरने रिकामा हात काढून नमस्कार केला.

"ताई, लक्ष असू द्या."

"हो, साहेब."

पायऱ्या उतरताना मागून शेजारणीचा आवाज आला, "मंदे, हे तुझ्या माहेरचे ना गं?"

"नाही हो काकू. माझं माहेर फार लांब आहे."