आजोबांचं यीस्ट

मुलीच्या लग्नाची बिअर आज घालायची होती. ओस्मुंडने बिअर आंबवायला लाकडी कड्यावर वाळवून ठेवलेलं, आजोबांपासून चालत आलेलं यीस्ट काढलं, तर त्यावर बुरशी!

"शेजारच्या आस्लाकचं आणते," बायको गुनवोर म्हणाली.

"आस्लाकचं? अगं, त्याची बिअर मेंढ्यासुद्धा पिणार नाहीत! माझ्या आजोबांच्या यीस्टची सर अख्ख्या वॉस भागात कुणाला नाही."

"आजोबांचं सात वर्षांपूर्वीच बुरसलं रे. तेव्हापासून मी गुपचूप आस्लाकचंच आणून या कड्यावर वाळवते. दर नाताळात मिशा पुसत वाखाणतोस ना, ती बिअर त्याच्याच यीस्टची."

 ओस्मुंड टोपी चढवून उठला.

"मीच जातो. एवढी चांगली बिअर होते, म्हणजे ते मुळात आमच्याच घरातून गेलेलं असणार. आजोबांचं यीस्ट त्यानं नीट सांभाळलंय की नाही, बघायला हवं."