दोन डाव्या बाह्या

दुकानात पाऊल टाकतानाच बारकीने ठरवलं, आज सांगून टाकायचं. चहाच्या आधी. चहा झाला की आपला धीर गळतो, हे तिला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं.

काल जेवताना लेक म्हणाली होती, "आई, आमचं लग्न होणार नाही. दोघांनी मिळून ठरवलंय. भांडण वगैरे काही नाही. नाही जमत, एवढंच." आणि वर भाजी वाढून घेतली. आजकालच्या पोरी! लग्न मोडतात आणि घास अडत नाही. बारकीच्या मात्र घशाखाली पाणी उतरेना. मुलगा परका असता तर गोष्ट वेगळी होती. तो मास्तरणीचा होता.

मास्तरीण कापायची, बारकी शिवायची. बावीस वर्षं एक दुकान, एक टेबल, एक इस्त्री. मास्तरणीने कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं, पण हातात कात्री आली की समोर कोणीही असो, दटावायची. बारकी एके काळी खरोखर बारीक होती; कंबर गेली, नाव राहिलं. दोघी दिवसातून चारदा कडाकडा भांडायच्या आणि एकाच डब्यात जेवायच्या. तीन महिन्यांपूर्वी पोरांचं लग्न ठरलं आणि दोघी एकदम शहाण्या झाल्या. "बसा ना विहीणबाई." "आधी तुम्ही." खुर्ची पदराने पुसून देण्यापर्यंत मजल गेली. तेव्हापासून दुकानात एक भांडण नाही. बारकी त्या शांततेत गुदमरायची, पण लेकीची सासू ती. बोलणार काय?

आणि आता तर तेही संपणार होतं. पोरांची लग्नं मोडली की आयांची तोंडं दोन दिशांना होतात, हे तिने पाहिलं होतं. लेकीला दुसरा मुलगा मिळेल. आपल्याला दुसरी मास्तरीण कुठून मिळायची?

मास्तरीण टेबलावर वाकून खडूने रेघ मारत होती. "विहीणबाई, ग्रंथालयातल्या बाईंचा कोट झाला का? अकराला येतील त्या."

"मला एक सांगायचं होतं," बारकी म्हणाली. तोंड उघडलं, आणि जे बाहेर पडायला हवं होतं त्याच्याऐवजी दुसरंच पडलं. "दोन्ही बाह्या डाव्या आहेत."

मास्तरणीच्या हातातला खडू थांबला. बारकीने खणातून त्या दोन बाह्या काढून टेबलावर ठेवल्या. मास्तरणीने एक फिरवून पाहिली, दुसरी फिरवून पाहिली. दोन्ही डाव्याच.

"कधी लक्षात आलं?"

"मंगळवारी."

"आज गुरुवार. दोन दिवस बोलला नाहीत?"

"विहिणीच्या कापण्याला नावं कशी ठेवू?"

मास्तरीण स्टुलावर बसली. तिचे डोळे भरून आले होते. "सोमवारी कापल्या मी. रविवारी मुलाने सांगितलं, लग्न होणार नाही म्हणून. हात ठिकाणावर नव्हता. दुसऱ्या बाहीला नमुना उलटा ठेवायचाच विसरले." तिने नाक पुसलं. "तुम्हाला सांगायचा धीर होईना. वाटलं, तुम्ही म्हणाल मुलाकडच्यांनी फसवलं. मशीन उचलून घरी जाल."



"रविवारी?" बारकी ओरडली. "अगं, मला काल कळलं! रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. आणि तू रविवारपासून मूग गिळून बसलीस?"

"तू नाही बसलीस, बाह्या लपवून?"

"बावीस वर्षांत दोन डाव्या बाह्या! नवशिकी तरी बरी!"

"आणि गेल्या महिन्यात पडद्यांची किनार वाकडी शिवलीस ती? मी बोलले काही?"

"वाकडी? माझी किनार?"

बारकीचा जीव भांड्यात पडला होता. इतका, की तिला पुन्हा एकदा ओरडावंसं वाटलं, आणि ती ओरडली. मास्तरणीने तोंड चालू ठेवूनच उरलेलं कापड शोधून काढलं, पसरलं, हाताने मोजलं. उजवी बाही निघत होती, थोडा जोड देऊन.

"जोड काखेत घे. दिसणार नाही."

"मला शिकवू नकोस."

कात्री चालली. मशीन चाललं. मध्येच मास्तरीण म्हणाली, "तुझी पोरगी घरात आली असती तर आवडलं असतं गं मला."

"तुझा मुलगाही वाईट नाही."

"वाईट नाही, आळशी आहे. तुला सांगत नव्हते इतके दिवस."

"सांगायला कशाला हवं? रांगत होता तेव्हापासून बघतेय. दूध पितानासुद्धा झोपायचा."

मास्तरीण हसता हसता टेबलाला टेकली. कात्री खाली ठेवावी लागली.

अकराला ग्रंथालयातल्या बाई आल्या, तेव्हा बारकी नव्या बाहीला शेवटची टीप घालत होती आणि मास्तरीण तिच्या डोक्यावर उभी राहून ती टीप कशी चुकतेय ते सांगत होती.

"काय विहीणबाई," बाई हसून म्हणाल्या, "लग्न कुठवर आलं?"

"मोडलं," मास्तरीण म्हणाली.

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी आधी एकीकडे, मग दुसरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अरेरे. मग आता तुम्हा दोघींचं...?"

"आमचं?" बारकीने दाताने दोरा तोडला. "आमचं छान चाललंय. सकाळपासून भांडतोय."