शेवटचा भाग

लेकीचा घटस्फोट झाला त्या दिवशी नानांनी घरात जाहीर केलं, "त्या माणसाशी या घराचा आता काडीचा संबंध उरलेला नाही. पुन्हा त्याचं नावही निघता कामा नये." वर्षभर सगळ्यांनी ते पाळलं.

आज मालिकेचा शेवटचा भाग होता आणि कालपर्यंत मुकाट चालणारं टीव्हीवरचं ॲप पासवर्ड मागत अडून बसलं होतं. नानांनी राउटर बंद करून चालू केला, टीव्हीचा प्लग काढून पुन्हा लावला, ॲप उडवून नव्याने टाकलं.

"अहो, खुनी कोण ते मला आज कळलंच पाहिजे," बायकोने सोफ्यावरून बजावलं.

"अगं, पासवर्ड बरोबरच टाकतोय मी. पोरीच्या लग्नाची तारीख. ॲपलाच अक्कल नाही."

लेकीने पुस्तकातून मान वर केली नाही. "नाना, ते खातं त्याचं आहे. त्याने बदलला असेल."

बायकोने एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा नानांकडे. नाना मोबाईल घेऊन गॅलरीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

 

नंबर अजूनही 'जावईबापू' याच नावाने सेव्ह होता.