अर्लजवळ कोण बसणार?

डार्लीनने आपल्या ट्रेलर-घराचं दार अर्धवटच उघडलं. उत्तर मिशिगनमधल्या त्या जंगलरस्त्यावर गुडघाभर बर्फ साचला होता.

"तीनदा अपॉइंटमेंट कॅन्सल केलीत तुम्ही," अनिका म्हणाली. ती फिरत्या दवाखान्यातली नर्स. ऑक्टोबरमध्ये त्यांची व्हॅन फायर स्टेशनपाशी आली होती, तेव्हा किट घेऊन डार्लीनने स्वतःच नमुना काढून दिला होता. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी वीस वर्षांतली ती पहिली तपासणी. रिपोर्ट चांगला नव्हता. दोन तासांवरच्या हॉस्पिटलात लगेच दाखवायला हवं होतं.

आत पडलेल्या नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून डार्लीनने दबक्या आवाजात सांगितलं, "अर्लला ऑक्सिजन लागतो. लाइट गेले की मशीन बंद, लगेच सिलिंडर जोडावा लागतो. त्याला उठता येत नाही. मी गेले तर त्याच्याजवळ कोण बसणार?"

"मी."

मागे उभी असलेली वल्लरी चमकली. ती नागपूरची, ॲन आर्बरच्या विद्यापीठात पीएचडी करणारी. अभ्यासासाठी अनिकाबरोबर फिरत होती. "अगं यार, आज आपली अजून दोन गावं आहेत," ती मराठीत पुटपुटली.

अनिका अमेरिकेतच, एडिसनमध्ये वाढलेली. तिचं मराठी अडखळत यायचं. "त्यांना कॉल केला मी. उद्या जाऊ. तू हिला घेऊन जा. अकराची अपॉइंटमेंट घेतलीय मी. स्लो चालव."

"कसली अपॉइंटमेंट?" आतून अर्लचा खोल गेलेला आवाज आला.

दारातूनच, त्याच्याकडे न बघता, डार्लीनने सगळं सांगितलं.

अर्लने नाकावरची ऑक्सिजनची नळी सरळ केली.

"कोट घाल," अर्ल म्हणाला.

त्या परतल्या तेव्हा चार वाजून गेले होते. मधे दीड तास लाइट गेले होते. अनिकाने सिलिंडर जोडला होता, सूप गरम करून दिलं होतं, आणि आता ती खुर्ची ओढून अर्लची दाढी करत होती.

"पेशी बदलायला लागल्या होत्या," वल्लरीने सांगितलं. "तेवढा भाग काढलाय. डॉक्टर म्हणाले, अजून कॅन्सर वाटत नाही. वेळेवर आणलंत."

अर्लने डोळे मिटले. फेसाने माखलेली त्याची हनुवटी थरथरत होती. अनिकाने वस्तरा बाजूला धरला.

डार्लीन त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. त्याच्या कपाळावर तिने हात ठेवला. मग अनिकाकडे वळली.

"किटं आहेत अजून?"

"आहेत. का?"

"पुढच्या वळणावर तिघी राहतात. तुमच्या गाडीपर्यंत त्या कधीच येणार नाहीत." तिने हात पुढे केला. "आण. याची दाढी होईपर्यंत जाऊन येते."