तंबूचं तोंड

तंबू तिसऱ्यांदा कोसळला तेव्हा मुलगा त्याच्या आत होता.

"कागदावर तर सगळं बरोबर आहे," आतून त्याचा आवाज आला. सुनेने हसू दाबलं. नातीने मुळीच दाबलं नाही.

आजी स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर टेकली होती. घरामागच्या बागेत एक रात्र तंबूत काढायची ही टूम नातीची, तंबू मुलाचा आणि दुपारपासूनच्या खेपा आजीच्या. उशा, पांघरुणं, पाण्याचा जग, कुणाला रात्री खोकला आलाच तर औषधाची बाटली. घर दहा पावलांवर असताना अर्धं घर उचलून बाहेर न्यायचं, याला मजा म्हणतात असं तिला सांगण्यात आलं होतं. तिच्या पोटऱ्यांना ते अजून पटलं नव्हतं.

"आजोबा, तुम्ही या ना," नात म्हणाली. "बाबांना नाही जमत."

आजोबा खुर्चीतून उठले. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची तेहतीस वर्षं गेली होती. वर्षातले आठ महिने कुठल्या ना कुठल्या माळावर तंबूत मुक्काम. निवृत्त झाल्यापासून मात्र त्यांनी तंबूचं नाव काढलं नव्हतं. आता त्यांनी मुलाच्या हातून हातोडी घेतली, "सरक," म्हणाले, आणि गुडघेदुखी कुठल्या कुठे पळाली. खुंट्या तिरप्या ठोकल्या, दोऱ्या कचकचून ओढल्या. आभाळात ढगाचा ठिपका नसताना पाणी जायला भोवतीने चरसुद्धा खणला, तोही आजीच्या फुलांच्या वाफ्यातून. वीस मिनिटांत तंबू ताठ उभा.

मुलगा सूचनांच्या कागदाची घडी घालत म्हणाला, "बाबा, हे आम्हाला कधी शिकवलं नाहीत."

"तू कुठे होतास तेव्हा?"

"घरीच होतो," मुलगा म्हणाला.

सून घाईने ताटं आणायला आत गेली. मुलगाही तिच्या मागोमाग गेला. नात तंबूभोवती फिरून आली.

"आजोबा, दार कुंपणाच्या भिंतीकडे का केलंत? आपलं घर दिसतच नाही."

"वारा घराच्या बाजूने येतो ना, म्हणून."

आजीने दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहिलं. साधा रुमालही हलत नव्हता.

पोरं लहान असताना, एकाला ताप आणि दुसऱ्याला उलट्या अशा रात्री, ती स्वतःची समजूत घालायची की तिकडे माळावर आजोबाही तंबूच्या दारात बसून आपल्याच दिशेला बघत असतील. तेवढ्या एका कल्पनेवर तिने कितीतरी वर्षं ढकलली होती. आता तिच्या डोळ्यांदेखत त्या हातांनी तंबू उभा केला होता, आणि विचार न करता, सवयीने, घराकडे पाठ केली होती. तिला रडू आलं नाही. राग आला. आणि रागावण्याइतकंही त्राण अंगात उरलं नाही, याचा आणखी राग आला.

आईने हाक मारली म्हणून नात हात धुवायला आत पळाली. आजीने गुडघ्यावर हात देऊन स्वतःला उठवलं, उरलेल्या गाद्या कवेत घेतल्या आणि वळसा घालून तंबूत शिरली. आत आजोबांनी अंथरूण घातलं होतं. एकच, मधोमध. बूट काढून पालथे ठेवले होते, विंचू शिरू नये म्हणून.

"आणि बाकीच्या चौघांनी कुठे झोपायचं?"

आजोबांनी अंथरुणाकडे पाहिलं आणि ते ओशाळले. "हात आपसूक चालले गं."

"दारही आपसूकच?"

ती गाद्यांच्या ढिगावर बसली.

"नेहमी असंच लावायचात? घराकडे पाठ करून?"

पुन्हा वाऱ्याचं नाव घ्यावं असं त्यांना वाटलं असावं, कारण तोंड उघडून त्यांनी ते मिटलं. मग अंथरूण एका कडेला सरकवत म्हणाले, "हो. नवा मुक्काम आला की आधी होकायंत्र काढायचो. घर कुठल्या बाजूला आहे ते बघायचो आणि दार बरोबर त्याच्या उलट करायचो. पहिल्याच वर्षी एकदा घराकडे तोंड करून लावला होता. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पाचव्या दिवशी राजीनामा लिहायला घेतला होता. मग माणसं बोलावली आणि तंबूच फिरवून घेतला."

"मग?"

"मग लागली झोप."

त्यांनी एवढं कधी सांगितलं नव्हतं. तिच्या आत इतका वेळ घट्ट आवळलेलं काहीतरी सैल झालं. वाटलं, बरं वाटेल आता. पण त्या जागी नुसता थकवा पसरला, तेहतीस वर्षांचा, आणि कुणावर टाकावा हेही आता कळेना. माणूस वाईट नव्हता. तेवढं सोपंही राहिलं नव्हतं.

मागे घरात कुणीतरी दिवा लावला. तंबूच्या पाठीवर पिवळट उजेड पडला.

"बरं होतं तुमचं," गादी उलगडत ती म्हणाली. "घराचं दार नाही हो फिरवता येत."