आप्पेपात्र

अमेरिकन सैन्यातून इराकला जाण्याआधी देवांगने बादलीभर जुनं सोल्डर, म्हणजे डाग द्यायचं शिसं, जमवलं होतं. परत आल्यावर घरीच बंदुकीच्या गोळ्या ओतायच्या, म्हणून. ते आता त्याचे बाबा, मनोहर, गराजमध्ये वितळवत होते. साचा सापडेना, तेव्हा त्याची आई, सुवर्णा, स्वयंपाकघरातून आप्पेपात्र घेऊन आली.

"अगं, शिसं आहे हे. एकदा ओतलं की यात परत आप्पे करता येणार नाहीत."

"ओता."

त्यांनी ओतलं. निवल्यावर तिने सवयीने काडी फिरवून एकेक गोळा सोडवला आणि बशीत काढला.

"कुठे नेतेस?"

"पहिला घाणा त्याचाच असतो," ती म्हणाली आणि देवांगच्या हार घातलेल्या फोटोपुढे बशी ठेवून आली.